आई आता कन्नडच बोलते

सिस्टरांना विचारा

प्रश्न : आदरणीय सिस्टर, मी बेळगावातल्या शहापूरचा, वय ५४. पूर्वी घरी दोन माग होते, ते विकून आता साडीचं दुकान चालवतो. आई ७९ वर्षांची आहे. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलाय. दोनदा गॅस उघडा ठेवून देवळात गेली, एकदा पहाटे तीनला रेल्वे गेटापाशी सापडली. चौदा महिन्यांमागं तिला शहराबाहेरच्या एका संस्थेत ठेवलं. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी जाऊन येतो.

आई मूळची बैलहोंगल तालुक्यातली, माहेरची भाषा कन्नड. १९६५ साली लग्न होऊन शहापुरात आली आणि मराठीच होऊन गेली. वडील सीमाचळवळीतले, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांच्या डोक्याला लाठी बसलेली. आमच्या घरात कन्नड चालत नसे. मला येतं ते गिऱ्हाइकापुरतं. आणि आता आई माझ्याशी कन्नडच बोलते. मला ‘तम्मा’ म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मी मराठीत उत्तर दिलं की ‘यारप्पा नी?’, तू कोण रे बाबा, असं विचारते. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईशी मात्र हसून बोलते. निघताना माझा शर्ट धरून ‘मनिगे होगोणु नडी’ म्हणते, घरी जाऊया चल. रडते. मीही रस्ताभर रडत येतो. बायको म्हणते, त्यांना आठवत नाही, तुम्ही गेलात काय आणि नाही काय. काका म्हणतात, आश्रमात टाकली ती टाकली, वर हे नाटक कशाला. जाऊ की नको?

— एक वाचक, शहापूर

उत्तर : दादा, पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले. ‘तिथल्या बाईशी मात्र हसून बोलते.’ तुमच्या शर्टाला धरून आई रडते त्याचं दुःख वेगळं, आणि हे वेगळं. हे दुसरं लोकांना सांगताही येत नाही. ज्या बाईला आपण महिन्याचे पैसे देतो तिच्या वाट्याला आईचं हसू, आणि आपल्याला ‘यारप्पा नी?’. मी या वाटेनं गेलेय, म्हणून आधी तेवढं लिहून टाकलं. आता भाषेचं बघू.

या आजारात मेंदूचा कानशिलाच्या आतला एक भाग, हिप्पोकॅम्पस, बहुतेकदा सुरुवातीलाच खराब होतो. नवीन आठवण साठवायचं काम त्याचं. त्यामुळं काल काय झालं ते आधी जातं आणि लहानपणचं शेवटपर्यंत तग धरतं. दोन भाषा येणाऱ्या माणसांत बऱ्याचदा मोठेपणी शिकलेली भाषा आधी सुटते आणि पाळण्यातली उरते. आई मराठी शिकली तेव्हा एकोणीस वर्षांची होती की. तिनं तुम्हाला सोडून कन्नड धरलंय असं मनात आणू नका. वरची पुटं एकेक करून गळाली आणि खाली बैलहोंगलकडची मुलगी निघाली. त्या मुलीचं अजून लग्न झालेलं नाही, तिला मुलगा कुठला असणार? पण भाऊ आहे. समोर आपल्या रक्ताचं, ओळखीच्या चेहऱ्याचं कुणीतरी बसलंय एवढं तिला कळतंय, आणि तिच्याजवळ त्यासाठी जे नातं शिल्लक आहे ते ती तुम्हाला देतेय. ‘तम्मा’ म्हणणं म्हणजे तिनं तुम्हाला ओळखलंय असंच मी धरते.

मग ‘हौदव्वा’ म्हणा की. होय गं. एवढा एक शब्द पुरेल पहिल्या दिवशी. तुमचं गिऱ्हाइकाचं कन्नड मोडकं असेल, पण त्यात ‘कुंद्रु’, ‘ऊटा आतेनु?’ आणि ‘चलो ऐती’ एवढं नक्की असणार. बस, जेवण झालं का, छान आहे. आईला यापेक्षा जास्त बोलायचं नसतंच आता. जिथं अडाल तिथं तिचंच शेवटचं वाक्य तिला परत म्हणून दाखवा, ती पुढं चालू लागते.

वडिलांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते उभे आहेत. तुमचे वडील लढले ते सक्तीविरुद्ध. बैलहोंगलला सासुरवाडीला गेल्यावर ते सासूबाईंशी कुठल्या भाषेत बोलत असतील, याचा जरा विचार करा. आमच्याकडं हे एसटीत कंडक्टर होते. पगार कर्नाटकाचा, मत महाराष्ट्राला, आणि शिव्या दोन्ही भाषांत. बेळगावात ज्याचं घर एका भाषेत चालतं असा माणूस मला तरी फारसा भेटला नाही.

आता माझं सांगते. ह्यांना अडुसष्टाव्या वर्षी स्मृतिभ्रंश सुरू झाला. चार वर्षं घरी सांभाळलं. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, मला वाटायचं मला सगळं येतं. शेवटी मीच जिन्यावरून पडले, मनगट मोडलं, आणि त्यांना संस्थेत ठेवावं लागलं. पुढं दोन वर्षं आठ महिने मंगळवारी आणि शनिवारी गेले. त्यातले पहिले सहा महिने मी चक्क परीक्षा घेत होते. खुर्ची ओढून समोर बसायचं आणि विचारायचं, मी कोण? सांगा बघू, मी कोण? एकदा लग्नाचा अल्बम घेऊन गेले. हा कोण, ही कोण, हे तुमचे दादा, आठवतंय का? त्यांनी अल्बम हातानं उडवून लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. नर्सिंग शिकलेली मी, पण नापास होणाऱ्या माणसाचा चेहरा मला नवऱ्याच्या तोंडावर वाचता आला नाही.

मग एका शनिवारी काय झालं, मी आत गेले तर हे दाराशी उभे. मला म्हणाले, ‘कुठं उतरायचं?’ तेहेतीस वर्षांतली निम्मी नोकरी बेळगाव–कोल्हापूर मार्गावर काढलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘संकेश्वर एक.’ त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, काही सापडेना, चेहरा कावराबावरा झाला. मी पर्समधलं औषधाच्या दुकानाचं बिल काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याचा कोपरा बरोब्बर फाडला, माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘सुट्टे द्या. पुढं सरका, मुंद होग्री, मुंद.’ मी पुढं सरकले आणि पलंगावर बसले. ते शेजारी येऊन बसले. काकती गेलं, हत्तरगी गेलं, असं अर्धा तास चाललं. त्यानंतर मी बिलं साठवायला लागले.

यातलं तुमच्या कामाचं एवढंच की हात जास्त दिवस शहाणे राहतात. नावं आणि तारखा एका ठिकाणी, हाताची सवय दुसऱ्या ठिकाणी, आणि हे दुसरं ठिकाण उशिरा ढासळतं. तुमच्या घरी माग होते म्हणजे आईनं जन्मभर कांड्या भरल्या, नळ्यांवर सूत गुंडाळलं असणार. सुताची एक लडी न्या. सूत गुंडाळायचा रहाट नेता आला तर उत्तमच, पण नुसती लडी तुमच्या दोन्ही हातांवर ताणून धरली आणि टोक तिच्या हातात दिलं तरी पुष्कळ. ती गुंडाळेल, गुंता होईल, तो ती सोडवेल. तेवढ्या वेळात बोलायची गरजच नाही, भाषेचा प्रश्नच मिटला. रंगीत सूत न्या, पांढऱ्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना धागा दिसत नाही.

आणि संध्याकाळी जाऊ नका. हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. दिवस कलला की या माणसांची घालमेल वाढते, उजेड कमी झाला की सावल्यांची भीती वाटते, दिवसाचा थकवा असतो. त्यातून बायकांची ती वेळ घरी परतायची, दिवा लावायची, चुलीची. ‘मनिगे होगोणु’ संध्याकाळी येणारच. सकाळी दहाच्या पुढं जा, गुरुवारी दुकान तासभर उशिरा उघडलं तर शहापूर काही ओस पडणार नाही. जेवणाचं ताट यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बसा आणि ताट आलं की उठा. ताटाकडं लक्ष असतं तेव्हा निरोपाचा घास लागत नाही. पिशवी आणि छत्री दाराबाहेर ठेवा. मी पर्स उचलली की हे उठून उभे राहायचे, म्हणून मी पर्स तिथल्या मावशींकडं ठेवायला लागले. निघताना ‘नाळे बर्तेनि’ म्हणा, उद्या येतो. खोटं वाटत असेल तर असं बघा, तुम्ही रविवारी जाल तेव्हा आईच्या लेखी तोच उद्या.

तरीही तिनं घरी जाऊया म्हटलं तर? ‘आई, हेच आता तुझं घर’ हे वाक्य कृपा करून बोलू नका. समजावणं तर नकोच. ती जे घर मागतेय ते शहापुरात नाही आणि तुम्ही गाडी काढून बैलहोंगलला नेलंत तरी तिथंही मिळणार नाही. त्यापेक्षा विचारा, ‘मनी यल्ली ऐती?’ घर कुठंय गं? मग ती सांगत बसते. परसात काय होतं, म्हैस कशी होती, कोण ओरडायचं. सांगता सांगता ती तिथं जाऊन येते. दर वेळी जमत नाही. काही दिवस असे येतात की ती शर्ट सोडत नाही आणि तुम्हाला बोटं उलगडून निघावं लागतं. अशा दिवशी तिथल्या बाईला हाक मारा आणि तिला आईशी बोलू द्या. हो, त्याच बाईला. तिच्याकडं आईची भाषा आहे, ती वापरा. तिच्याजवळ बसून आणखी चार वाक्यं शिकून घ्या, मुलाबाळांची चौकशी करा, दसऱ्याला साडी द्या, दुकान तुमचंच आहे. तुम्ही नसताना आठवड्याचे पाच दिवस आईला हसवणारी ती एकटीच आहे.

बायको म्हणतात, आठवत नाही तर जायचं कशाला. त्यांना हे वाचून दाखवा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना फारसं सांगता येईना. पण उदासपणा किंवा बरं वाटणं मात्र मागं उरलं. ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख तर उलट जास्त वेळ टिकलं. म्हणजे तुम्ही उठून गेल्यावर तुम्ही आल्याचं आईला माहीत नसतं, पण दुपारचं जेवण ती कुठल्या मनानं जेवते ते तुम्ही ठरवून गेलेले असता. हे दोन्हीकडून लागू आहे हं. तुम्ही रडवेले बसलात तर तेही तिच्याजवळ राहतं. रडायचं असेल तर आधी गाडीत रडून घ्या. मी बसस्टॉपवर रडत असे, पावसाळ्यात कुणाला कळायचंही नाही.

काकांबद्दल मी जास्त लिहीत नाही. पहाटे तीनला रेल्वे गेटापाशी काका गेले नव्हते. देशभरातल्या पाहणीचा २०२३ साली आलेला अंदाज असा की साठी ओलांडलेल्या दर शंभरात सातांहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अल्झायमर किंवा त्याच्यासारखा आजार, साधारण ८८ लाख. काकांच्या ओळखीतही कुणी असेल, दार लावून ठेवलेलं.

भेटीला जाणारा माणूस नुसता मुलगा नसतो, तो तपासनीसही असतो. आता माझ्यातली वॉर्डाची सिस्टर बोलतेय. आईची नखं बघा, टाचा बघा. बसून-पडून असेल तर पाठीच्या खालच्या बाजूला लाली आहे का ते त्या बाईला विचारा. चष्मा तिचाच आहे ना? हसू नका, ह्यांच्या तोंडात मी एकदा दुसऱ्या कुणाची कवळी पाहिलीय. ब्लाऊज ढिला झाला का बघा, वजन उतरलेलं तिथं आधी कळतं. आणि दोन दिवसांत किंवा आठवड्याभरात एकदम फरक पडला, म्हणजे रविवारी बरी होती आणि गुरुवारी बरळायला लागली, झोपून राहिली, किंवा मारायला धावली, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. हा आजार सहसा असा उडी मारून वाढत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, मलावरोध, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी, यातलं काहीतरी असतं आणि त्यावर उपाय असतो. डॉक्टरला लघवी तपासायला सांगा.

भेटीची वेळ अधूनमधून बदला, न सांगताही जा. ह्यांना आधी जिथं ठेवलं होतं तिथं मी एकदा बुधवारी अचानक गेले तर हे खुर्चीत, आणि पोटाभोवती ओढणी बांधून गाठ पाठीमागं. ‘पडतात म्हणून’ असं उत्तर मिळालं. पडत असत हे खरं. पण गाठ त्यांच्या हाताला पोचणार नाही अशी मारलेली होती. आठवड्याभरात मी जागा बदलली. तुमच्या पत्रावरून तुमच्या आईची जागा बरी वाटते, माणूस हसतंय म्हणजे बऱ्यापैकी सगळं ठीक आहे. तरीही कधी काही खटकलं आणि कुणी दाद दिली नाही, तर ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ आहे, फोन फुकट लागतो.

मराठीचं काय, हे विचारायचं तुम्ही टाळलंत. जाईल ती बहुतेक. पण मधूनच एखादा शब्द वर येतो. शेवटच्या पावसाळ्यात ह्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एकदा मी खिडकी लावत होते तर स्पष्ट म्हणाले, ‘भिजशील की.’ पुढं काही नाही. तुमच्याही वाट्याला असं काही येईल, त्याची वाट बघत मात्र बसू नका. रविवारी सूत न्या.

प्रश्न : सासरे आठ महिन्यांपासून संस्थेत आहेत. माझी मुलगी दहा वर्षांची, तिला आजोबांना भेटायचंय. घरचे म्हणतात, पोर घाबरेल. नेऊ का?

— निपाणी

उत्तर : न्या. घाबरतात ती न सांगता नेलेली मुलं. आदल्या दिवशी सांगा की आजोबांच्या मेंदूला आजार झालाय, ते तुझं नाव चुकवतील, तेच तेच विचारतील, कदाचित रागावतील, त्यात तुझं काही चुकलेलं नसेल. आजार अंगाला लागत नाही हेही सांगा, मुलांना ती भीती असते आणि ती बोलत नाहीत. पहिल्यांदा वीस मिनिटं पुरे. हातात खेळ द्या, सागरगोटे चालतील, आजोबांना नुसते मोजायला दिले तरी चालतील. तिला निघावंसं वाटलं तर लगेच निघा. आणि पुढच्या वेळी नको म्हणाली तर जबरदस्ती नको.

प्रश्न : आत्याला बेळगावचा कुंदा फार आवडायचा. ती आता संस्थेत आहे, डिमेन्शिया आहे, साखरही आहे. दर वेळी पाव किलो नेते, ते लोक आत घेऊ देत नाहीत. एवढं सुखही तिला मिळू नये का?

— खानापूर

उत्तर : पाव किलो मीही आत घेऊ दिला नसता. साखरेचं एक झालं, दुसरं म्हणजे या आजारात पुढं पुढं गिळायचं विसरायला होतं, घास गालात राहतो आणि ठसका लागून छातीत जातो. डॉक्टरला विचारून त्यांनी हो म्हटलं तर दोन चमचे न्या, लहान डबीत. आत्याला सरळ बसवा, पलंगावर आडवं ठेवून भरवू नका. चहाच्या चमच्यानं अर्धा अर्धा द्या, गिळल्याशिवाय दुसरा नको, शेवटी पाणी पाजून गालात काही उरलंय का बघा. नंतर अर्धा तास तशीच बसू द्या. कुंदा मऊ असतो ते बरं, करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची चिवट मिठाई, मात्र अजिबात नको. उरलेला कुंदा तिथं ठेवून येऊ नका, शेजारच्या पलंगावरचं कुणीतरी खाईल.